पायाळू बहीण

माझी धाकटी बहीण पायाळू जन्मली. डोकं आधी न येता पाय आधी आले. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि दाराबाहेर बायांच्या घोळक्यात बसले होते. आतून सुईण ओरडली, "पोरगी हाय, आन पायाळू हाय!" मुलगी झाली म्हणून सुस्कारे टाकायची वेळ होती, पण बाया ते विसरल्या. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं आणि त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आमच्याकडं सगळेच मानत. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी कंबर धरत आली. माझ्या मायेनं बाळाचे इवलेसे तळवे तिच्या पाठीला लावले. म्हातारी खरोखरच ताठ होऊन गेली.

वडिलांना हे आवडायचं नाही. त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली होती, आणि दीक्षेसोबत अंगात येणं, नवस, उतारे हे सगळं घराबाहेर काढलेलं होतं. "आपण हे सोडलंय," ते मायेला म्हणायचे. माय म्हणायची, "मी कुठं देव मांडायले? लेकराचा पाय लावला निस्ता."

सुईण रोज यायची. तेल चोळून बाळाचे दोन्ही पाय ओढायची, गुडघ्याला गुडघा जुळवायची आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात घट्ट गुंडाळायची. तसं केलं की पाय सरळ होतात, असं ती म्हणायची. डावा पाय सरळ करताना बहीण जास्त रडायची. माय मजुरीला गेली की तसंच गुंडाळलेलं बाळ माझ्याजवळ असायचं. मी त्याला झोळीत टाकून पुस्तक घेऊन बसायची. कडेवर घेतलं की माझा हात अडकायचा.

बहीण उशिरा चालायला लागली आणि चालायला लागली तीच डाव्या अंगाला झुकत. पाऊल टाकलं की कंबर एका बाजूला खाली जायची, परत वर यायची. दुखत नसावं, कारण ती हसत चालायची. मायेनं कौतुकानं सांगितलं, "पायाळूची चालच न्यारी असती." वस्तीतल्या सगळ्यांनी ते उचललं. तिच्या चालण्याकडं कुणी व्यंग म्हणून बघितलंच नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचं गाव औशाजवळचं, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. विहिरी तळाला गेल्या, मग तळही सुकला. माय आणि वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी. मी सातवीत होते, रोज चालत औशाला शाळेत जायची. एकदा मायेला चार दिवस ताप आला, तेव्हा तिच्या जागी मी खडीवर बसले आणि शाळा बुडाली. वडील मला शिकवायचं म्हणून हट्टाला पेटलेले, पण त्या आठवड्यात तेही म्हणाले, "अजून एकदा असं झालं तर यंदाची परीक्षा राहू दे. पुढच्या साली बघू." आमच्या वस्तीत ज्या मुली पुढच्या साली म्हणून थांबल्या होत्या, त्या सगळ्या नांदायला गेल्या होत्या.

त्याच दिवसांत गावातला एक मोठा बागायतदार आमच्या वस्तीत आला. याआधी तो आमच्या दाराशी कधी आला नव्हता. उभ्याउभ्याच वडिलांना म्हणाला, "तुझी बारकी पायाळू हाय म्हणं. तासभर पाठव रानात. हीर खांदायची हाय."

"आमचा विश्वास न्हाई त्याच्यावर," वडील म्हणाले.

"तुझा नसू दे. माझा हाय."

वडिलांनी दारातल्या रिकाम्या घागरींकडं बघितलं. मग म्हणाले, "पाणी लागलं तर आमच्या वस्तीला भरू द्यावं लागंल. उन्हाळा संपंस्तोवर. हे चार माणसांत कबूल करा."

त्यानं चार माणसांत कबूल केलं.

बहीण साडेतीन वर्षांची होती. तिला ढेकळांच्या रानात मोकळी सोडली. मागं आम्ही, आमच्या मागं अर्धं गाव. ती आधी मजेत झुलत झुलत चालली. नांगरलेलं रान, उन्हानं दगड झालेली ढेकळं. बांधाच्या जरा अलीकडं ती अडखळली, डावा पाय धरून बसली आणि उठेना. माय उचलायला धावली तर बागायतदार ओरडला, "हात लावू नका! तिथंच हाय!" तिच्याभोवती चुन्यानं गोल आखला. ती आत बसून मायेकडं हात करून रडत होती. रेघ पुरी आखून झाल्यावर तिला उचलू दिलं.

तिथं पाणी लागलं. दोन पुरुष खोल खणल्यावर कपारीतून झरा आला. त्या माणसानं शब्दही पाळला, त्याच्या पद्धतीनं. आम्हाला विहिरीवर चढू दिलं नाही. त्याचा गडी वर उभा राहून आमच्या घागरीत ओतायचा. पण उन्हाळाभर ओतलं.

त्या दिवसापासून बहिणीचा मान वाढला. बाया तिच्या डाव्या पायाला तेल लावायच्या. शेजारच्या गावांतून माणसं तिला न्यायला येऊ लागली. वडील पहिल्यासारखे चिडेनात. वस्तीच्या घागरी ज्या पायामुळं भरल्या, त्या पायाला खोट आहे असं आता कोण म्हणणार?

एकच माणूस म्हणाला. रविवार होता. शाळेला सुट्टी म्हणून मी बहिणीला घेऊन रस्त्याच्या कामावर गेले होते. कॉलऱ्याच्या सुया टोचायला सरकारी जीप आली होती. डॉक्टर उतारवयाचे, हैदराबादकडचे, मराठी बोलताना मधूनच उर्दू यायचं. बहीण सुईला घाबरून पळाली. ते हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघतच राहिले. मग तिला बोलावून घेतलं, खडीच्या ढिगाशेजारी पोत्यावर निजवलं, दोन्ही गुडघे दुमडून एकमेकांशेजारी ठेवले. डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली दिसत होता. त्यांनी मांड्या बाहेरच्या अंगाला उघडून बघितल्या. उजवी सहज गेली, डावी मध्येच अडली.

"कोण तुझी ही?"

"बहीण."

"शिकतेस?"

"सातवीत हाय."

"मग नीट ऐक बेटा. हिचा खुबा जागेवर नाही. आईबापाला सांग, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात न्या, हाडाचा फोटो काढा. ऑपरेशन लागेल, प्लास्टर लागेल, महिना-दोन महिने राहावं लागेल. पण अजून वय आहे. देर करू नका. सांगशील ना?"

मी मान हलवली. माय रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. जीप निघून गेली.

माय जेवायला आली तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणत होता डागदर? लई वेळ बघत होता."

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. माय दोन महिने सोलापूरला जाऊन राहिली, तर तिच्या जागी खडीवर कोण बसणार आणि भाकरी कोण थापणार, हे मला एका क्षणात कळलं.

"काही न्हाई," मी म्हटलं. "वाढत्या अंगानं सरळ होईल म्हणला."

मायेनं बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला. "मी म्हणतच होते," ती म्हणाली.

परीक्षेनंतर सांगू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पहिल्या वर्गात पास झाले. वडिलांनी सगळ्या वस्तीला गूळ वाटला. त्या आनंदात ते सांगायचं राहिलं. नंतर सांगायचं तर आधी खोटं बोलले होते, हेही सांगावं लागलं असतं. दिवस गेले, मग वर्षं गेली.

मॅट्रिक झाल्यावर मी नांदेडला नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले. तिथं बाळंतकक्षात एकदा सिस्टर ट्यूटरनी आम्हाला नवं बाळ कसं तपासायचं ते दाखवलं. टाळू, डोळे, तोंडाचा टाळा, नाळ. शेवटी त्यांनी बाळाचे गुडघे दुमडले आणि मांड्या हळूच बाहेर उघडल्या. "खुबा निसटलेला असेल तर इथं बोटाला कळतं. खट् करून आत बसतो. मांडीच्या घड्या बघा, दोन्हीकडं सारख्या आहेत का. एवढ्यात सापडलं तर फार सोपं असतं." एका मुलीनं विचारलं, "आणि चालायला लागल्यावर सापडलं तर?" ट्यूटर म्हणाल्या, "त्या पायावर उभं करा. दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते."

रस्त्यावरच्या त्या डॉक्टरांनी पोत्यावर नेमकं काय बघितलं, ते मला त्या दिवशी समजलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बहीण आठ वर्षांची होती. खेळ म्हणून मी तिला एका पायावर उभी केली. उजव्यावर नीट उभी राहिली. डाव्यावर उभी केली आणि उजवी कंबर खाली गेली. "आक्का, मी पडायले बघ!" म्हणून ती हसायला लागली.

मी वडिलांना सांगितलं, हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. जुनी गोष्ट काढली नाही, नवीन शिकून आले म्हणून कळलं, असंच दाखवलं. वडील लगेच तयार झाले. आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. ओपीडीत गर्दी होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला चार पावलं चालवलं आणि कागदावर पोलिओ लिहिलं. त्या काळात लंगडणाऱ्या मुलाला पोलिओच म्हणत. पोलिओच्या पायाचं मांस वाळतं, लुळं पडतं. माझ्या बहिणीची पोटरी भरलेली होती आणि पायात चांगली ताकद होती, ते मला दिसत होतं. "सर, खुब्याचा एक्स-रे," एवढं मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"ट्रेनिंगला आहे. नांदेडला."

"मग ट्रेनिंग पूर्ण करा आधी."

वडील खाली मान घालून उभे होते. मी तो कागद घेऊन बाहेर आले. आज वाटतं, तिथं हट्ट धरायला हवा होता, सोलापूर गाठायला हवं होतं. पण पांढऱ्या कोटासमोर बोलायची मला सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर तो कागद हातात आल्यावर आतून कुठंतरी मला सुटल्यासारखं झालं. पोलिओच असेल तर माझ्या खोट्यानं काहीच बिघडलेलं नव्हतं. त्या विचाराला मी बरीच वर्षं धरून बसले.

पहिली नेमणूक किनवट तालुक्यात झाली. जंगलातली गावं, पावसाळ्यात वाट बंद. तिथं मी शेकडो बाळांच्या मांड्या उघडून बघितल्या. सोबतच्या नर्सबाया चेष्टा करायच्या, "ही आधी पाय बघती, मग मुलगा की मुलगी ते." घरी पत्र लिहिताना शेवटी विचारायची, बारकीचा पाय कसा आहे. वडील लिहायचे, आहे तसाच आहे.

लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, दवाखान्यात नवीन माणसं आली. हाडांचे एक डॉक्टर आले आहेत, असं मी ऐकलं आणि रजा काढून बहिणीला घेऊन गेले. ती तेरा वर्षांची झाली होती. लांब चाललं की आता मांडी ठणकायची. माय आणि वडीलही सोबत आले.

डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. केसपेपरच्या मागं पेनानं एक वाटी काढली, वाटीत गोळा काढला. "हा उजवा खुबा. गोळा वाटीत बसलाय. आता डावीकडं बघा. गोळा वर सरकलाय आणि वाटी उथळच राहिलीय. गोळा आत असला तरच वाटी खोल होते."

मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "जन्म कसा झाला? पायाळू होती का?"

माय एकदम खुलली. "हाव! तुमाला कसं कळलं?"

"पायाळू मुलींमध्ये हे जास्त सापडतं," डॉक्टर म्हणाले. "पोटात पाय अवघडलेले असतात. वर आपल्याकडं जन्मल्याबरोबर पाय ओढून घट्ट गुंडाळतात, त्यानं निसटलेला खुबा आणखी निसटतो. कडेवर पाय फाकवून घेतलेलं बरं असतं."

मायेच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मी झोळीत टाकलेल्या बाळाचा विचार करत होते.

बहिणीनं विचारलं, "म्हंजी मला पाणी कळत न्हाई?"

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही. वडिलांनी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. तिला म्हणाले, "पाणी तिथं होतंच, बाळा. तुझा पाय थकला म्हणून तू बसलीस."

ऑपरेशनचं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. अगदी तान्ही असताना पट्टे बांधले असते तरी भागलं असतं. वर्षा-दीड वर्षाची असताना बेडकासारखे पाय ठेवून प्लास्टर घातलं असतं. तीन-चार वर्षांची असताना ऑपरेशन करून गोळा वाटीत बसवता आला असता, पाय बहुतेक सरळ झाला असता. "आता बसवायला गेलो तर खुबा आखडून जाईल. आहे तसं चालू द्या. डाव्या चपलेला उंच टाच लावा."

"तीन-चार वर्षांची असताना आमाला कुणी सांगितलंच न्हाई," माय म्हणाली.

मी फोटोकडं बघत उभी राहिले.

माय त्यानंतर कुणाच्या पाठीला बहिणीचा पाय लावू देईना. आयुष्यभर ती सगळा दोष स्वतःला देत राहिली. मीच गुंडाळून ठेवलं, मीच मिरवलं, असं म्हणायची. ती गेली तेव्हा मी उशाशी होते. अगदी शेवटच्या दिवसांतही तिला खरं सांगता आलं असतं. तिला दुःख नको, असं कारण मी काढलं. पण सांगितलं असतं तर तिचं अर्धं ओझं उतरलं असतं.

बहीण शिवणकाम शिकली. लग्न झालं, नवरा चांगला भेटला, लातुरात दोघांनी टेलरिंगचं दुकान काढलं. उजव्या पायानं मशीन चालवायची. एक मुलगी झाली. चाळिशीत खुबा इतका झिजला की दुकानाच्या पायऱ्या चढता येईनात, आणि लातुरातच कृत्रिम सांधा बसवायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. जीप, पोतं, सोलापूर, परीक्षा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मायेला ठाऊक होतं?"

"न्हाई."

"आन मला आता कशाला सांगायलीस? तुझ्या मनाला हलकं वाटावं म्हणून?"

तेच खरं होतं.

"जा तू," ती म्हणाली. "उद्या येऊ नको. लेक हाय माझी."

ऑपरेशन चांगलं झालं, असं तिच्या मुलीकडून कळलं. एका सांजेला मी दुकानासमोरच्या रस्त्यानं गेले तेव्हा ती बाहेर कुणाशी बोलत उभी होती. दोन्ही पायांवर सारखी. मग आत गेली, जराशीच झुकत. मी हाक मारली नाही. ती चाल आम्हाला सातवीच्या परीक्षेच्या बदल्यात मिळू शकली असती. सबंध बालपण तिला तसं पळता आलं असतं. नोकरी, पेन्शन, माझं सगळं त्या परीक्षेवर उभं आहे, हेही मला नाकारता येत नाही.

वर्षभर तिचा फोन आला नाही. मग आला तो असा, "आक्का, पोरगी बाळंत झाली. मुलगी हाय. पोटात पायाळू होती म्हणून सीझर केलं. तू ये."

दवाखान्यात पोचल्यावर मी आधी हात धुतले, घासून गरम केले आणि बाळाचे गुडघे दुमडले. बहीण खाटेशेजारी उभी राहून माझ्या बोटांकडं बघत होती. डाव्या खुब्यात मला काहीतरी सैल लागलं. खात्री वाटेना, म्हणून मी बालरोगतज्ज्ञांना सांगितलं आणि या वेळी हटून बसले. महिन्याभरानं खुब्याची सोनोग्राफी केली. वाटी उथळ निघाली. खांद्यावरून पायांपर्यंत येणारे मऊ पट्टे दिले, त्यात बाळाचे गुडघे दुमडलेले आणि मांड्या उघड्या राहायच्या. बाळ पहिले दोन दिवस किरकिरलं आणि मग पट्ट्यांतच हसायला लागलं. बहीण त्याच पट्ट्यांसकट त्याला कडेवर घेऊन दुकानात बसायची.

साधारण तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी बघितली आणि पट्टे काढायला सांगितले. खुबा ठीक होता. नर्सनं पट्टे सोडून टेबलावर ठेवले. ओंजळीत मावतील एवढे होते, दुधाचा वास येत होता. बहिणीनं ते उचलले, उलटेसुलटे करून बघितले, शिलाईवरून बोट फिरवलं.

"एवढंच होतं व्हय गं?" ती मला म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. "एवढंच."

तिनं पट्टे पिशवीत टाकले, नातीला उचललं आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर आलो.